चेल्टनहॅम गोल्ड कप २०२५ : गॅलोपाँला अडवणार कोण?

चौथं_कुंपण | रवि, ९ मार्च २०२५, रात्री ११:४०

मंगळवारपासून इंग्लंडमधला चेल्टनहॅमचा फेस्टिव्हल, म्हणजे उड्यांच्या घोड्यांच्या शर्यती. गेल्या वर्षी धागा गुरुवारी काढला म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या, यंदा आधीच काढतोय. नियम तेच. इथे पैशांची भाषा नाही, गुणांची. शुक्रवारच्या गोल्ड कपचा विजेता बरोबर सांगितला तर १० गुण, तुमचा घोडा पहिल्या तिनांत आला तर ३. कारण द्यायलाच हवं. 'नाव आवडलं' हेही कारण चालेल, पण गुण निम्मे.

नव्या मंडळींसाठी दोन शब्द. आपण महालक्ष्मीला किंवा पुण्याला बघतो ती सपाट रेस. इंडियन डर्बी २४०० मीटर, अडीच मिनिटांत खेळ खलास. गोल्ड कप ५.३ किलोमीटरच्या आसपास, वाटेत २२ फेन्सेस, पाठीवर ११ स्टोन १० पौंड म्हणजे ७४ किलोंच्या वर वजन, आणि शेवटची उडी मारून झाली की समोर चढ. या चढाने भल्याभल्यांना रडवलंय. दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. उड्यांचे बहुतेक घोडे खच्ची केलेले असतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षी डर्बी मारून स्टड फार्मवर निवृत्त व्हायची भानगड नाही. सात ते नऊ हे ऐन भराचं वय. तेच घोडे चार-पाच वर्षं पुन्हा पुन्हा येतात, पडतात, उठतात, आणि आपली त्यांच्याशी ओळख होते.

आता मुद्द्याचं.

गॅलोपाँ दे शाँ. वय ९, ट्रेनर विली मलिन्स, जॉकी पॉल टाउनेंड. २०२३ आणि २०२४ चा गोल्ड कप याचाच. पहिल्या वेळी ब्रेव्हमन्सगेमला ७ लेंग्थनी (एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या लांबीइतकं अंतर) मारलं, दुसऱ्या वेळी चिखलात जेरी कोलोम्बला साडेतीननी. आयरिश गोल्ड कप लागोपाठ तीन वर्षं. आणि हाच तो घोडा जो २०२२ साली इथेच नवख्यांच्या रेसमध्ये दहा-बारा लेंग्थ पुढे असताना शेवटच्या फेन्सला कोसळला आणि बॉब ओलिंजरला फुकटात रेस मिळाली. त्यानंतर तो चेल्टनहॅमला हरलेला नाही. तिसरा गोल्ड कप घेतला तर गोल्डन मिलर, कॉटेज रेक, आर्कल आणि बेस्ट मेट यांच्या पंगतीला बसेल. बेस्ट मेटचा तिसरा २००४ चा, म्हणजे एकवीस वर्षं ती पंगत रिकामी आहे.

बँब्रिज. जोसेफ ओब्रायनचा घोडा, डिसेंबरमध्ये केम्प्टनला किंग जॉर्ज जिंकलेला. तिथे पुढे पळून गेलेल्या इल ए फ्राँसेला त्याने शेवटच्या टप्प्यात गाठलं ते बघण्यासारखं होतं. पण केम्प्टन ताटासारखं सपाट आणि अंतर तीन मैल. इथे अडीच फर्लांग (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) जास्त, वर चढ. जमीन कोरडी राहिली तर संधी.

माँटीज स्टार. हेन्री डी ब्रॉमहेड आणि रेचल ब्लॅकमोर. गेल्या मार्चमध्ये इथेच ब्राउन अॅडव्हायझरी या नवख्यांच्या रेसमध्ये फॅक्ट टू फाइलच्या मागे दुसरा. दमदार, पण वेग कमी वाटतो.

फॅक्ट टू फाइल. हा खरा काटा ठरला असता, पण त्याला गुरुवारच्या रायनएअर चेसला नेताहेत. म्हणजे वाट आणखी मोकळी.

इनदवेयुअरथिंकिन. (यापुढे 'इनद', माझी बोटं दुखतात.) वय ७, ट्रेनर गॅव्हिन क्रॉमवेल, मालक जे. पी. मॅक्मॅनस. मुळात याचं नाव गोल्ड कपला नव्हतंच, २५ हजार पौंड भरून ऐनवेळी घातलंय. एप्रिलमधल्या ग्रँड नॅशनल या दुसऱ्या मोठ्या रेसचा फेवरिट आहे तो. इथे का आणताहेत कळत नाही.

माझा घोडा : गॅलोपाँ. कारण वर दिलं आहे, याहून जास्त कारण कुठल्या घोड्याकडे आहे?

---

डब्लिनकर | सोम, १० मार्च, सकाळी १:१५

वा, धागा आला. चर्चच्या कळसापासून दुसऱ्या चर्चच्या कळसापर्यंत शेतं-कुंपणं ओलांडत घोडे पळवायची पैज १७५२ साली इथे कॉर्कमध्ये लागली होती, बटेव्हंट ते डोनरेल. स्टीपलचेस हे नाव त्या स्टीपलवरून. त्यामुळे या विषयावर आयरिश माणसाला गप्प बसवता येत नाही, आणि आता मलाही.

१ फेब्रुवारीला मी इथल्या लेपर्ड्सटाउन रेसकोर्सवर होतो, आयरिश गोल्ड कप डोळ्यांनी पाहिला. गॅलोपाँ पुढे राहून जिंकला. ग्रेंजक्लेअर वेस्ट दुसरा, फॅक्ट टू फाइल तिसरा. माझ्या शेजारचा म्हातारा मात्र दुर्बीण मागे रोखून बसलेला. 'लुक अॅट द फोर्थ हॉर्स' असं दोनदा म्हणाला. चौथा होता इनद. मी घरी येऊन विसरून गेलो.

तरी माझं मत गॅलोपाँलाच. म्हाताऱ्याच्या नादी लागून मी आधी बरेच युरो घालवलेत. (गुण म्हणायचं होतं.)

---

आकडेमोड | सोम, १० मार्च, सकाळी ९:०५

कुंपणराव, 'कुठला घोडा सर्वांत चांगला' आणि 'कुठला घोडा निवडावा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इथे सगळ्यांना सारखेच १० गुण, म्हणून फेवरिट निवडणं शहाणपणाचं. खऱ्या बाजारात नाही. १/२ भाव म्हणजे दोन लावा, एक कमवा. म्हणजे बाजार म्हणतोय की तीनपैकी दोन वेळा हा जिंकतो. एका वेळी हरतो हेही बाजारच सांगतोय, ते कुणी ऐकत नाही.

सूचना : भावानुसार गुण द्या. २०/१ च्या घोड्याला २० गुण.

---

चौथं_कुंपण | सोम, १० मार्च, सकाळी ९:२०

सूचना फेटाळली. गेल्या वेळी तुम्ही १००/१ वाले सात घोडे दिले होते, आठवतंय.

---

वनमाला_के | सोम, १० मार्च, दुपारी २:३०

विषय नवा म्हणून वाचला, माहिती छान आहे. पण प्रामाणिकपणे विचारते, यात घोडे मरतात ना? मग आनंद कसला?

---

डब्लिनकर | सोम, १० मार्च, संध्या. ७:५०

मरतात. नाही म्हणणार नाही. ग्रँड नॅशनलला २०२४ पासून ४० ऐवजी ३४ च घोडे पळवतात, पहिली फेन्स सुरुवातीच्या जागेजवळ आणली म्हणजे तिथे पोचेपर्यंत वेग वाढू नये, एकीची उंची उतरवली. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. म्हणून प्रश्न सुटला असं नाही.

आणि माणसंही जातात. गेल्या महिन्यात थर्ल्सला पडून मायकल ओसलिव्हन हा जॉकी गेला. २४ वर्षांचा. २०२३ ला याच फेस्टिव्हलमध्ये त्याने मरीन नॅशनालवर पहिली रेस जिंकली होती. इथे सगळ्या खेड्यांमधून त्याच्यासाठी लोक रस्त्यावर उभे होते. तुम्ही विचारलंत ते बरोबर विचारलंत. मी बघतो, आणि दर उडीला श्वास धरून बघतो, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

---

पागेवाला | सोम, १० मार्च, रात्री १०:१०

उशिरा आलो, माफी.

आमचे आजोबा पुण्याला रेसकोर्सच्या पागांमध्ये नालबंद होते. लहानपणी पावसाळी सीझनला त्यांच्याबरोबर जायचो. त्यांनी एक सवय लावली. जिंकलेला घोडा सगळे बघतात, तू हरलेला बघ. पोस्ट, म्हणजे रेस संपते तो खांब, ओलांडल्यावर कोण अजून पळतोय आणि कोण मान टाकतोय ते बघ. बाकीचं पुस्तकात छापून येतं.

डब्लिनकर, तुमचा तो म्हातारा शहाणा आहे. मी लेपर्ड्सटाउनची फीत चार वेळा पाहिली. इनद सबंध रेसभर मागे, उड्याही काही खास नाहीत, आणि शेवटच्या दोन फर्लांगांत एकटा तोच जवळ येतोय. तो तीन मैलांचा घोडा नाहीच. त्याला आणखी अंतर हवंय, आणि शुक्रवारी ते मिळतंय.

आता जुनं पान उलटा. गेल्या मार्चमध्ये त्याने किम म्युर जिंकली. कुठे? चेल्टनहॅमला. कुठल्या ट्रॅकवर? न्यू कोर्सवर, ज्यावर गोल्ड कप होतो. (मंगळवार-बुधवार ओल्ड कोर्स, गुरुवार-शुक्रवार न्यू कोर्स, हे लोक विसरतात.) अंतर? सव्वातीन मैल. पुढे एप्रिलमध्ये एंट्री रेसकोर्सवर मिल्डमे ही रेस घेतली. म्हणजे हिवाळाभर निवांत, वसंतात फुलणारा. शिवाय सात वर्षांचा, अजून घडतोय. गॅलोपाँ जो व्हायचा तो होऊन बसलाय.

एक गोष्ट पक्षपाताची. क्रॉमवेल ट्रेनर होण्याआधी नालबंद होता, दुसऱ्यांच्या घोड्यांना नाल ठोकून पोट भरायचा. याच मालकासाठी आणि याच जॉकीबरोबर, म्हणजे मार्क वॉल्शबरोबर, त्याने २०१९ ला एस्पॉयर दालेनवर चँपियन हर्डल (हर्डल म्हणजे फेन्सपेक्षा बुटका अडथळा) मारली होती, १६/१ ने. तेव्हाही सगळे दुसरीकडेच बघत होते.

माझा घोडा : इनद. आजोबांच्या नावाने.

---

चौथं_कुंपण | सोम, १० मार्च, रात्री १०:३५

काका, पोस्ट झकास, पण सव्वासात लेंग्थ मागे होता हो तो! किम म्युर ही हौशी जॉकींची हँडिकॅप, म्हणजे घोड्याच्या कुवतीप्रमाणे कमी-जास्त वजन देतात ती रेस. तिथे जिंकणं आणि गोल्ड कपला सगळ्यांच्या बरोबरीने वजन उचलणं यात तालुका आणि ऑलिंपिकइतकं अंतर आहे.

---

पागेवाला | सोम, १० मार्च, रात्री १०:४२

असू दे. फेब्रुवारीतलं अंतर फेब्रुवारीचं.

---

सिंहगडरोड | मंगळ, ११ मार्च, सकाळी ११:००

मला माँटीज स्टार. कारण रेचल ब्लॅकमोर. २०२१ ला मिनेला टाइम्सवर ग्रँड नॅशनल जिंकणारी पहिली बाई, पुढच्या वर्षी ए प्लू तारवर गोल्ड कप जिंकणारीही पहिली, तोही १५ लेंग्थनी. नाव आवडलं म्हणून नाही, त्यामुळे पूर्ण गुण हवेत.

अवांतर : महालक्ष्मीला तनाला (पहिले तीन घोडे क्रमाने सांगायची पैज) लावताना आमचे तात्या फक्त जॉकीचं नाव बघायचे. घोडा बदलतो, हात तेच राहतात म्हणायचे. त्यांचा फ्लॅट अजून भाड्याचाच आहे ही गोष्ट वेगळी.

---

चौथं_कुंपण | मंगळ, ११ मार्च, रात्री ११:५५

लिहायला हात थरथरताहेत. आज स्टँडमध्ये होतो.

चँपियन हर्डल. कॉन्स्टिट्यूशन हिल, दहापैकी दहा रेस जिंकलेला, भाव १/२. पाचव्या हर्डलला पडला. पंचावन्न हजारांच्या गर्दीतून जो आवाज निघाला त्याला शब्द नाही, एकदम हवा काढून घेतल्यासारखा. मग गेल्या वर्षीचा विजेता स्टेट मॅन मोकळा सुटला. शेवटचं हर्डल, आता फक्त जिंकायचं बाकी, आणि तोही पडला! मागून गोल्डन एस. २५/१. ट्रेनर जेरेमी स्कॉट, जॉकी लॉर्कन विल्यम्स. त्या पोराला पोस्ट ओलांडल्यावरही खरं वाटत नव्हतं.

आणि आर्कल चेसमध्ये मॅजबरोही हरला, तोही १/२ चा. दोन्ही खात्रीचे.

---

आकडेमोड | बुध, १२ मार्च, सकाळी ८:१०

गोल्डन एस हा चमत्कार नव्हता, थोडा कागद वाचायला हवा होता. २०२४ च्या फेस्टिव्हलमध्ये घोड्यांच्या, म्हणजे माद्यांच्या, नवख्या रेसमध्ये तिने ब्रायटरडेजअहेडला हरवलं होतं. काल ब्रायटरडेजअहेड दुसरी फेवरिट होती आणि हरवणारी २५/१! शिवाय लॉसीमथ मेअर्स हर्डलला गेली म्हणून ही मोठ्या रेसला आली, आणि मादी म्हणून ७ पौंडांची सूट. दोघे पडले नसते तर तिसरी आली असती हे मान्य. पण पडणं हा या खेळाचाच भाग. उड्यांच्या रेसमध्ये 'पडला नसता तर' या वाक्याला काही भाव नाही.

---

डब्लिनकर | बुध, १२ मार्च, रात्री १०:२०

वनमालाताई, आजचं खास तुमच्यासाठी लिहितो. चँपियन चेसला जॉनबॉन फेवरिट होता, एका फेन्सला जबर चूक केली आणि मागे पडला. जिंकला मरीन नॅशनाल, १८ लेंग्थनी. ओसलिव्हनचा घोडा. खोगिरावर शॉन फ्लॅनगन. पोस्ट ओलांडल्यावर त्याने आकाशाकडे बघितलं, आणि मग पबमध्ये कुणी ग्लास उचलला नाही थोडा वेळ.

---

वनमाला_के | गुरु, १३ मार्च, सकाळी ७:३०

वाचलं. माझा प्रश्न आहे तिथेच आहे. पण शुक्रवारी बघेन तुमची रेस. मला कुठला घोडा द्याल?

---

सिंहगडरोड | गुरु, १३ मार्च, सकाळी ९:१५

ताई, बँब्रिज घ्या, कुणी घेतला नाहीये. आज होळी, उद्या धुळवड. रंग धुऊन साडेनऊला टीव्हीसमोर.

---

चौथं_कुंपण | गुरु, १३ मार्च, रात्री ११:३०

आजचं पटकन. फॅक्ट टू फाइलने रायनएअर ९ लेंग्थनी खाल्ली. तो उद्या नाही याबद्दल गॅलोपाँने देवाचे आभार मानावेत. स्टेअर्स हर्डल बॉब ओलिंजरने, ब्लॅकमोरच्या हाती. हो, तोच २०२२ चा फुकट्या! आता कुणी त्याला फुकट्या म्हणायचं नाही.

उद्यासाठी मत बदलायची शेवटची संधी. गॅलोपाँ ९ जण, बँब्रिज २, माँटीज स्टार २, इनद १.

---

आकडेमोड | शुक्र, १४ मार्च, दुपारी १२:४०

मी इतके दिवस मत दिलं नव्हतं. गॅलोपाँ. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मलिन्स आणि टाउनेंड हीच जोडी अल बूम फोटोला घेऊन २०१९ आणि २०२० जिंकली होती. २०२१ ला तिसऱ्यासाठी आले, फेवरिट होते, तिसरे आले. तिसरा गोल्ड कप मिळणं कठीण का, तर तोवर दोन वर्षं सगळे तुमच्या मागे अभ्यास करत असतात आणि एखादं सात वर्षांचं पोर वाढत असतं. पागेवाला काकांचं म्हणणं मला फक्त १० गुणांच्या लोभापायी पटत नाहीये.

---

सिंहगडरोड | शुक्र, १४ मार्च, रात्री ९:४१

काकाSSSSSS

---

डब्लिनकर | शुक्र, १४ मार्च, रात्री ९:४४

पागेवाला!!! आहात का??

---

चौथं_कुंपण | शुक्र, १४ मार्च, रात्री ११:५०

घरी पोचलो. क्रमाने लिहितो.

इनद जिंकला, ६ लेंग्थनी. १५/२ भाव. गॅलोपाँ दुसरा, जेंटलमन्सगेम ६६/१ ने तिसरा, माँटीज स्टार चौथा. (सिंहगडरोड, एका जागेने गुण हुकले.)

पहिली फेरी इनद मागेच, आणि उड्या बघून मी शेजारच्याला म्हणालो की हा काही खरा नाही. गॅलोपाँ पुढच्यांत, पण त्याच्याही उड्यांत नेहमीची सफाई नव्हती. उतारावरून खाली येताना मार्क वॉल्श नुसता बसलेला, हात हलत नव्हते. तेव्हा पोटात गोळा आला. टाउनेंड ढकलतोय आणि वॉल्श बसलाय! शेवटच्या फेन्सपाशी इनदने त्याला मागे टाकलं आणि चढावर अंतर वाढतच गेलं. पोस्टनंतरही कान टवकारून पळत होता. काका, तुम्ही सांगितलंत तसंच.

मॅक्मॅनसचा हा दुसराच गोल्ड कप. पहिला सिंक्रोनाइज्डचा, २०१२. क्रॉमवेल आणि वॉल्शचा पहिला.

त्याआधी ट्रायंफ हर्डलला पोनिरॉस १००/१ ने लागला तेही सांगायलाच हवं. हर्डलवरची त्याची आयुष्यातली पहिली रेस. ट्रेनर कोण? मलिन्स. एका हाताने गेलं, दुसऱ्या हाताने आलं.

---

आकडेमोड | शनि, १५ मार्च, सकाळी १०:००

ज्यांनी तीन 'खात्रीचे' एकत्र बांधले होते त्यांच्यासाठी. कॉन्स्टिट्यूशन हिल १/२, जॉनबॉन ५/६, गॅलोपाँ ८/१३. भावातून निघणारी शक्यता अनुक्रमे ६७, ५५ आणि ६२ टक्के. तिघेही जिंकण्याची शक्यता यांचा गुणाकार, साडेबावीस टक्के. आणि यात बुकीचा नफाही धरलेला आहे, म्हणजे खरी शक्यता त्याहून कमी. चारातून एकदाही न होणाऱ्या गोष्टीला आपण आठवडाभर खात्री म्हणत होतो. तिघेही हरण्याची शक्यता सुमारे सतरात एक, आणि ते झालं.

---

वनमाला_के | शनि, १५ मार्च, सकाळी १०:४५

साडेसहा मिनिटं दोन्ही हात तोंडावर होते. पुन्हा बघेन की नाही सांगता येत नाही.

---

सिंहगडरोड | शनि, १५ मार्च, सकाळी ११:२०

मग इनद आता नॅशनललाही उतरणार का? तिथे आधीच फेवरिट होता!

---

डब्लिनकर | शनि, १५ मार्च, दुपारी १२:०५

गोल्ड कप आणि नॅशनल एकाच मोसमात जिंकलेला घोडा एकच, गोल्डन मिलर, १९३४. इथे पबमध्ये यावरच मारामारी चालू आहे. मला वाटतं मॅक्मॅनस घाई करणार नाही.

---

पागेवाला | शनि, १५ मार्च, दुपारी १:३०

काल रात्री नातवाने लॅपटॉप लावून दिला होता, रेस संपल्यावर मला तो बंदच करता येईना, म्हणून उत्तर नाही दिलं.

फार काही नाही. चौथा घोडा दिसला, एवढंच. आमच्याकडे पुरणपोळी उरली आहे, शिळीच जास्त लागते. कुंपणराव, माझे १० गुण मांडा.

---

चौथं_कुंपण | बुध, ३० एप्रिल, रात्री ११:१०

धागा वर आणतोय, हिशेब पुरा करायला. इनद नॅशनलला उतरला नाही. नॅशनल मलिन्सच्या निक रॉकेटने ३३/१ ने घेतली, खोगिरावर मलिन्सचा मुलगा पॅट्रिक, आणि पहिले तिन्ही घोडे मलिन्सचेच.

आणि आज पंचेसटाउन गोल्ड कप. गॅलोपाँ वीसहून जास्त लेंग्थनी जिंकला. होऊन बसलेला घोडा म्हणे! काका, यावर काय?

---

पागेवाला | बुध, ३० एप्रिल, रात्री ११:३२

दुसरा कोण आला आणि पोस्टनंतर कसा पळाला ते सांगा.